छिंगमिंगची लाल अक्षरं

कोलकात्यात आमच्या शेजारी ली आंटी राहायच्या. छिंगमिंगला, म्हणजे चिनी लोकांच्या पितरांच्या सणाला, मी त्यांच्याबरोबर कबरस्तानात गेले. आजोबांच्या कबरीवरचं गवत त्यांनी उपटलं, दगड धुतला, चहाचा पेला ठेवला आणि दगडावर कोरलेल्या चिनी अक्षरांत बारीक कुंचल्याने लाल रंग भरू लागल्या.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक! मला कुठे चिनी वाचता येतं? बाबा दरवर्षी भरायचे, आता मी भरते."

मी बघतच राहिले. वाचता न येणाऱ्या अक्षराची एक रेघही त्यांच्या हातून चुकत नव्हती. असं प्रेम मी पाहिलं नव्हतं.

अचानक त्यांनी कुंचला माझ्यापुढे धरला. "घे, शेवटचं अक्षर तू भर."

मी आधी चपला काढल्या.