कुंपणाची टिकटिक

भिमाजीच्या समीक्षाला आख्खं बेडसे गाव ओळखतं, पर ती करती काय ते कुणाला धड सांगता येत न्हाई. पुण्याच्या एका संस्थेत ती आभाळातली ऊब मोजती. विश्व जन्मलं तवा जी आग होती, ती निवत निवत पार गारठली, पर अजून चारी अंगांनी तिची बारीक लहर येतीच. आईला तिनं सांगितलं, "चूल विझली तरी भिंत कोमट राहती ना, तसं."

"मंग हात लावून बघ की," शालूबाई म्हणाली. "त्याला एवढं शिकाया कशाला लागतं?"

पाऊस उघडल्यावर समीक्षानं घरच्याच माळावर यंत्र मांडलं. पत्र्याचं मोठं नरसाळं, आभाळाकडं तोंड वासलेलं. डोंगराआड मोबाईलला रेंज न्हाई, म्हणून जागा नामी. यंत्र दिवाळीपर्यंतच मिळालेलं. तेवढ्यात मोजणी न्हाई झाली तर पीएचडी लटकली. दिवसा सूर्याची गडबड, म्हणून मोजायचं रातीचंच.

पर मोजणीच्या रेघेत टोकं उठायला लागली, एका लयीत. तिनं तारा बदलल्या, जोडण्या घासल्या. टोकं तशीच. एका सांजेला भिमाजीनं रानडुकरांसाठी लावलेलं इजेच्या झटक्याचं कुंपण चालू केलं, तशी ती चुलीपुढनं उठली. टिक, टिक. तीच लय. घरचाच आवाज, तो तिच्या ध्यानातच आला नव्हता.

"आबा, कुंपण बंद ठेवाया लागंल."

"तुझ्या आभाळाला डुकरं खात्यात व्हय?"

"न्हाई."

"हितं खात्यात. एका रातीत भाताचं खाचर लोळवत्यात."

सकाळी समीक्षा यंत्र खोलून परत न्यायला माळावर चढली, तर खाली भिमाजी भावकीतली चार माणसं घेऊन भात कापत होता. ती पळत आली.

"आबा, लोंब्या हिरव्या हायेत अजून!"

"डोळे हायेत मला. कुंपणाची बॅटरी काढलीया. जा, तुझं बघ."

मोजणी झाली. हिरवा कापलेला इंद्रायणीचा तांदूळ मात्र गिरणीत फुटला, निम्मी कणी पडली. इकायला काय उरलं न्हाई.

जेवताना भिमाजीनं इचारलं, "काय गवसलं?"

"जगात बाकीच्यांना गवसली तेवढीच ऊब."

"नवं काय न्हाई?"

"न्हाई."

"आन् त्यापायी म्या हिरवं कापलं?"

"व्हय, आबा."

भिमाजीनं ताटात पाणी घेऊन हात धुतला. "मंग तसंच लिव," तो म्हणाला. "वाढवून लिवू नगंस."