उड्डाणाआधी फोटो नाही

माझा जन्म तीनशे मीटर उंचीवर, विमानात झाला, आणि त्यावरून ते विमान चालवणारे आवेनिरकाका मला आजही फुकट्या म्हणतात. आईने तिकीट काढलं होतं, मी काढलं नव्हतं. जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत पन्नास मिनिटांचं उड्डाण. मी पस्तिसाव्या मिनिटालाच बाहेर आलो. मागे आरडाओरडा झाला तेव्हा काकांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "वजन तेवढंच आहे ना? मग बसा शांत."

आमच्या लाव्दा गावाला रस्ता नाही. थंडीत गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात, उन्हाळ्यात होड्या. पण शरदात बर्फ धरत असताना आणि वसंतात फुटत असताना तीन-तीन आठवडे काहीच जात नाही. त्या दिवसांत आजारी पडायचं नाही, अशी गावाची शिस्त आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या तैसियाबाईंनी ती मोडली. अपेंडिक्स फुटलं. हेलिकॉप्टर चौथ्या दिवशी आलं. हवा सुंदर होती, पण घाई उरली नव्हती.

पूर्वी दिवसाला दोन विमानं यायची. दुहेरी पंखांची, कापड मढवलेली, ट्रॅक्टरसारखी गुरगुरणारी. सगळा देश त्यांना लाडाने आन्नुष्का म्हणायचा. म्हाताऱ्या बायका दात उपटायला विमानाने जायच्या आणि बोकड घेऊन परत यायच्या. मग देश मोडला, पाठोपाठ विमान कंपनी मोडली, आणि काकांची आन्नुष्का परत न्यायला पेट्रोल नाही म्हणून आमच्याच माळावर राहिली. तिच्याबरोबर काकाही राहिले. तीस वर्षं दर शनिवारी पंख्याची पाती हाताने फिरवायची, पंखांवरचा बर्फ झाडायचा, वसंतात मागून आणलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू करून बघायचं. कशासाठी? नदीवरचा बर्फ फुटून वाट बंद होईल तेव्हा कुणीतरी तरुण वैमानिक येईल, आणि ही तयार असायला हवी. एवढंच. तैसियाबाई गेल्यापासून ते बुधवारीही जाऊ लागले.

"सवत बरी की गं," क्लावदियाकाकू शेजारणीला सांगायच्या. "माझ्या दोन चादरी हिच्या पंखाला गेल्या. मला तीस वर्षांत रुमाल आणला नाही म्हाताऱ्याने."

काकांकडे चहाला बसणं म्हणजे खारवलेल्या अळंब्यांबरोबर विमानविद्येचं व्याख्यान ऐकणं. त्यात कुणाचीही गय नसे. जुन्या राज्याचे गोडवे गायला मी तोंड उघडलं की माझ्या थोबाडीत बसलीच म्हणून समजा. त्यांचा जिवलग वैमानिक मित्र सावातीय धुक्यात डोंगरावर आपटला, अकरा माणसांसकट. वर्तमानपत्रात त्या दिवशी बटाट्याच्या पिकाची बातमी होती. विधवेला सांगितलं, 'कर्तव्यावर असताना', आणि रडायचं असेल तर घरात रडा.

"तेव्हा पडलेली विमानं लपवायचे," काका म्हणायचे, "आता न उडालेली लपवतात." दर उन्हाळ्यात टीव्हीवर नव्या छोट्या विमानाचं प्रदर्शन असे. मंत्री त्याच्या पंखावरून हात फिरवत. पुढच्या उन्हाळ्यात तेच विमान, नवे मंत्री. "आमची खटारा होती, फुकट्या. पण ती यायची."

मागच्या जूनमध्ये कळलं की प्रांताच्या राजधानीतून समिती येते आहे, आन्नुष्का बघायला.

काका ताठ झाले. तीन दिवस दाढी केली नाही, कारण उड्डाणाआधी वैमानिक दाढी करत नाही, अपशकुन होतो. पंखांना लाखेचा हात दिला. रक्तदाब उतरावा म्हणून बिटाचा रस प्यायले. समिती या शब्दाने वैमानिकाचं काय होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. दरवर्षी डॉक्टरांची समिती बसायची आणि एक अक्षर दिसलं नाही तरी माणसाचं उडणं बंद करायची. त्यामुळे डोळे तपासायचा तक्ता सगळ्यांना तोंडपाठ. काकांना तो आजही खालच्या ओळीपासून उलटा म्हणता येतो. चष्म्याशिवाय दिसत मात्र काही नाही.

तिघेजण आले, सोबत आमच्या गावप्रमुख एल्विराबाई. त्यांना पाहताच काकांनी नाकावरचा चष्मा काढून काकूंच्या एप्रनच्या खिशात कोंबला. समितीने विमानाला प्रदक्षिणा घातली, ठोकून पाहिलं, खूष झाली. वाऱ्यात टिकेल का, असं विचारलं. "वादळात टिकली आहे," काका म्हणाले. एकाने कॅमेरा काढला, तर काकांनी भिंगावर टोपी धरली. "उड्डाणाआधी फोटो नाही. उतरल्यावर काय ते काढा."

त्यांना गंमत वाटली. मग कागद पुढे आला. वाचून घ्या, असं अध्यक्ष दोनदा म्हणाला, ते मी स्वतः ऐकलं. मी मदतीला हात पुढे केला, तर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो खिशात घातला. त्यांनी कागद हातभर लांब धरला, ओळीवरून डोळे फिरवले, योग्य जागी मान हलवली आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे." सही ठसठशीत केली.

दोन आठवड्यांनी तराफ्यावरून क्रेन आली. धक्क्याजवळ काँक्रीटचा खांब उभा राहू लागला. त्या कागदावर लिहिलं होतं की, उत्तरेच्या हवाई सेवेचं स्मारक म्हणून विमान खांबावर बसवायला, आणि वजन कमी करण्यासाठी इंजिन काढायला, त्याच्या रखवालदाराची संमती आहे.

काका एल्विराबाईंच्या कचेरीत गेले, मी मागोमाग. बाई वाईट नाही. ती म्हणाली, "आवेनिर प्रोखोरोविच, त्यांनी सतरा गावांत विमानं पाहिली. सगळी कुजलेली. उभं करण्याजोगं तुमचं एकच निघालं." तीस वर्षांच्या शनिवारांचं हे फळ. मग तिने आवाज खाली आणला. "तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या, की दिसलं नाही, न वाचता सही केली. मी आज काम थांबवते."

तिने पेन पुढे ठेवलं. मी म्हणालो, "काका, लिहा ना. इथे डॉक्टर कुणी नाही."

"वैमानिक न वाचता सही करत नाही," ते म्हणाले आणि उठले.

त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. काकूंनी आठवडाभर त्यांच्यापुढे ताट आपटलं. पण सवतीचं इंजिन ताडपत्रीत गुंडाळून तराफ्यावर चढवलं, तेव्हा धक्क्यावर डोळे पुसत उभ्या होत्या त्याच.

ऑगस्टमध्ये, वैमानिकांच्या सणाच्या रविवारी, अनावरण झालं. भाषणात पाहुण्याने 'आपल्या अमर पंखांना' वंदन केलं आणि स्वतः बोटीने परत जायला घड्याळ पाहिलं. काका जुन्या गणवेशात आले होते, गुळगुळीत दाढी करून. वर आन्नुष्का नाक उंचावून उभी, रंगवलेली, पोकळ.

छायाचित्रकाराने खांबाखाली उभं राहता का विचारलं, तेही जरा भीतभीत, कारण तो जूनमधलाच होता. काकांनी खिशातून चष्मा काढला, चारचौघांत नाकावर चढवला आणि टोपी सरळ केली.

"काढ," ते म्हणाले. "उतरलोय."