येते म्हण

मी चौथीपर्यंत शिकले. लांबण लावायला मला येत नाही. झालं ते सांगते.

आमच्या विक्रोळीच्या चाळीत खाली बालवाडीची खोली आहे. दुपारी ती रिकामी असते. एका संस्थेने ती तीन आठवड्यांसाठी मागून घेतली. परदेशातून कॉलेजची मुलं येणार आणि गरिबांच्या पोरांना मार्ग दाखवणार, असं सांगितलं. गरीब म्हणजे आम्ही. त्यांना मेंटर म्हणायचं. मी पहिले चार दिवस मेंटलच म्हणत होते. नात हसून लोळायची. "आजी, मेंटर गं, मेंटर!"

नात तेव्हा नुकती बारावी पास झालेली. तिच्या वाट्याला आली ती वीस-एकवीस वर्षांची गोरी पोरगी. म्हणजे दोन-तीन वर्षांनी मोठी ती हिला आयुष्य शिकवणार. मला ते पटलं नव्हतं. पण पोरगी वाईट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. आमच्यात खाली बसून जेवायची. एकदा बांगडा काट्यासकट चावला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ताट स्वच्छ केलं.

नातीला घाटकोपरच्या एका नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली होती. माझा मुलगा, तिचा बाप, रिक्षा चालवतो. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "यंदा लागली तर शीक. नाही लागली तर कामाला जा. वर्षभर घरात बसवून ठेवणार नाही." तो वाईट बाप नाही. सून वारल्यापासून एकटा ओढतोय. तर जागा लागली होती, आणि आता फक्त ओरिजिनल कागद जमा करायचे राहिले होते.

तेवढ्यात त्या पोरीने नातीला एक मोठा कागद दिला आणि तुझं स्वप्न काढ म्हणाली. नातीने उंच उंच इमारती काढल्या. प्रत्येक मजल्यावर गच्ची, गच्चीत झाडं. हात चांगला आहे तिचा. संध्याकाळी चहा घेताना मला म्हणाली, "आजी, ती म्हणते मी आर्किटेक्ट व्हायला पाहिजे. तिच्या कॉलेजात गरीब मुलांना घेतात. ती तिकडे जाऊन विचारणार आहे."

"विचारू दे. तू तोवर नर्स हो."

"तसं नसतं गो, आजी."

"मला गो म्हणतेस? गो मी म्हणायचं."

दोघी हसलो आणि मी विषय सोडला. सोडायला नको होता.

परत जायच्या दिवशी ती पोरगी घरी आली. उंबऱ्याशी चपला घालताना नातीला विचारून विचारून मराठीत म्हणाली, "आजी, मी जाते."

मी दटावलं. "जाते म्हणू नये. मेलेलं माणूस जातं. येते म्हण."

नातीने तिला समजावलं. पोरगी लाजली, हात जोडले आणि म्हणाली, "आजी, येते."

"हां. आता बरोबर."

नात तिच्या तोंडाकडे बघतच राहिली होती. ते मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

कागद द्यायच्या शेवटच्या दिवशी नात सकाळीच फाइल घेऊन निघाली. दुपारी परत आली.

"दिलेस?"

"दिले."

मी देवापुढे दिवा लावला. आठ दिवसांनी गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली फाइल. दहावीची गुणपत्रिका, बारावीची, शाळा सोडल्याचा दाखला. सगळे ओरिजिनल.

"हे काय गो?"

ती भिंतीला टेकून बसली. "गेटपर्यंत गेले होते. तिथे कळलं, एकदा दिले की कोर्स संपेपर्यंत परत देत नाहीत. तिने मागितले तर मी काय पाठवू?"

"कोणी मागितले तर?"

"ती येणार आहे ना. तुझ्यासमोर म्हणाली, येते."

"अगं, ते मी शिकवलं तिला! गॅसवालासुद्धा येतो म्हणूनच जातो."

"माहितीये मला!" ती ओरडली. मग हळू म्हणाली, "माहितीये गं. पण ती म्हणाली तेव्हा खरं वाटलं."

तिने मोबाइल दाखवला. आधी तिकडून लाल बदाम, फुलं. मग एक ओळ, विचारते म्हणून. त्याच्याखाली नुसते नातीचेच निरोप.

मी तशीच फाइल उचलली, तिला बखोटीला धरून घाटकोपरला नेलं. खिडकीतल्या बाईने यादी बघितली. "आजी, वेटिंगवाली मुलगी आली. ती वर्गात बसतेसुद्धा."

"एक बाक वाढवा."

"बाक वाढवून होत नाही हो, आजी. आधी यायचं ना."

गुडघ्यांमुळे मी देवासमोरही वाकत नाही. आत जाऊन त्या बाईसमोर वाकले, पाय धरले. नात मागून कुजबुजत होती, "आजी, ऊठ. लोक बघतायत." बघू देत. मला कोणीतरी धरून उठवलं आणि पाणी दिलं. पाणी घेऊन काय करू?

मुलगा एवढंच म्हणाला, "मी सांगितलं होतं." तिसऱ्या दिवशी त्याने तिला साकीनाक्याच्या एका गाळ्यात कामाला लावलं. विजेची बटणं खोक्यात भरायची. दिवसभर उभं राहून. तो रंगवलेला कागद तिने मांडणीवर अंथरला, डब्यांखाली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी परत फॉर्म भर, बापाला मी बघते. ती म्हणाली, "बघू." तिच्या बघूत काही नव्हतं.

सकाळी डबा घेऊन निघते. पहिल्या दिवशी उंबऱ्याशी चप्पल घालता घालता म्हणाली, "आजी, जाते."

"येते म्हण!"

"कशाला खोटं बोलू? ती खरं तेच बोलली होती. जाते म्हणाली होती. तू बदलायला लावलंस."



रोज ती जाते म्हणते आणि रोज मी मागून ओरडते, येते म्हण गो. ती जिना उतरून जाते. संध्याकाळी सातला मी गॅलरीत जाऊन उभी राहते. कधी साडेसात होतात, कधी आठ. ती येते. अजून तरी येते.