टेन्शन नको घेऊ

टेन्शन हा शब्द आमच्या गावात कोणी आणला माहीत नाही, पण कापसाच्या त्या वाईट वर्षांत तो घरोघरी मुक्कामाला होता. रक्तदाबाची गोळी म्हणजे टेन्शनची गोळी. वावरावरून गेलेल्या विजेच्या मोठ्या तारा, त्याही टेन्शनच्याच. सून उलटून बोलली, टेन्शन. पोराचा गणिताचा पेपर, टेन्शन. आणि एखादा माणूस गप्प गप्प राहू लागला, की बायका आवाज खाली आणून म्हणायच्या, "त्याले टेन्शन हाय." त्यापुढे कोणी काही विचारत नसे. मला या शब्दाचा तेव्हापासून राग आहे.

माझ्या थोरल्या भावाचं मुकुटबनच्या रस्त्यावर बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. त्या वर्षी त्याने छातीठोकपणे सांगितलेलं बियाणं अर्ध्या गावाने पेरलं आणि अळीने बोंडं पोखरली. कोणी भांडायला आलं असतं तर बरं झालं असतं. लोक यायचे, बाकड्यावर टेकायचे आणि उलट त्यालाच समजवायचे, "टेन्शन नको घेऊ भाऊ, तुह्या हातात काय होतं?" तो मान हलवायचा. मग त्याचं जेवण तुटलं, मग बोलणं. मीही येता-जाता तेच ऐकवायची, टेन्शन नको घेऊ. मोठी शहाणी!

आई असलं काही म्हणाली नाही. तिने सुपात तूर घेतली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. त्या दिवसांत आमच्याकडच्या बायकांनी ही रीतच पाडली होती. ज्याच्यावर डोळा ठेवायचा, त्याच्याजवळ हातात काम घेऊन बसायचं आणि कारण सांगायचं नाही. आई रोज तीच तूर निवडायची. मागे फळीवर औषधाच्या बाटल्या, तिथेच खुर्चीत भाऊ, आणि दारात आई.

"माय, लोकं हासतात. घरी जाय न," तो म्हणायचा.

"घरी अंधार रायते. मले खडे दिसत नाही."

एका दुपारी आईला ताप भरला आणि सूप माझ्याकडे आलं. "उठू नको वो," एवढंच तिने बजावलं. दोन तास मी नेटाने बसले. मग माझी मैत्रीण सासरहून येणार म्हणून एसटी बघायला चौकात गेले. पाच मिनिटं म्हणता म्हणता वीस झाली. परत येते तर दुकानाचं शटर अर्धं खाली.

 मी हाक मारली. वाकून आत शिरले. भाऊ जमिनीवर बसला होता आणि मांडीपाशी एक बाटली होती. झाकण लावलेलं होतं. ते मी आधी पाहिलं, त्याचं तोंड नंतर.

"काही नाही," तो म्हणाला. "जरासं टेन्शन आलतं."

नेहमीचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, पण जीभच वळेना. मी बाटली ओढून घेतली आणि ओरडलेच, "मले भेव वाटते! रोज वाटते. मायले वाटते, म्हणून थे इथं येऊन बसते. तू मरशीन म्हणून भेव वाटते आम्हाले!"

आमच्या घरात असं तोंडावर कोणी बोलत नसे. मलाच माझा आवाज ओळखू येईना. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. 

"मलेही लय भेव वाटते," तो म्हणाला. "माय काहून बसते, मले का समजत नाही? तू उठून गेली अन् म्या शटर ओढलं. पण झाकण नाही उघडलं. तू वापस येशीन म्हणून वाट पाहून राह्यलो होतो."