अक्काची दुसरी बरणी

समस्त आप्तेष्ट, स्नेही, शेजारी, तसेच जळगाव व धुळे येथील यच्चयावत भाऊबंद यांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या मालतीअक्काच्या संगणकाचे मंगळवारी सकाळी, अल्पशा किटकिटीनंतर, राहत्या टेबलावर निधन झाले. त्याच्या पश्चात एक कीबोर्ड, एक माऊस, एक कुलर आणि माझे मेहुणे असा परिवार आहे.

हसलात ना? अक्काही हसली असती. तिच्या हसण्यासाठीच तर मी आयुष्यभर सोंगं केली. पण खरी बातमी अशी, की या निधनाच्या काही आठवडे आधी अक्काच गेली होती. ती गेली तेव्हा भाऊजींचा फोन आला, तो अगदी शांत होता. "बाळू, झालं." एवढंच बोलले आणि ठेवला. दहनाच्या वेळी, सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी, आल्यागेल्यांच्या गर्दीत हा माणूस खांबासारखा उभा होता. आणि त्या मंगळवारी मात्र धुळ्याला माझ्या फोनवर तोच माणूस असा रडत होता, की मला आधी शब्दच लागेनात. मग लागले...

"बाळू, ती पुन्हा गेली रे!"

अक्का माझी थोरली बहीण. जळगावच्या एका शाळेत तिनं जन्मभर भूगोल शिकवला. भाऊजी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. बायकोशी त्यांचं बोलणं बहुतेक एकाच शब्दात चालायचं, "हां." अक्का सकाळी सुरू व्हायची, गल्लीतली लग्नं, शाळेतली भांडणं, वांग्यांचे प्रकार, सगळं सांगून व्हायचं. मधे मधे "ऐकताय ना?" असं विचारायची आणि पेपरामागून उत्तर यायचं, "हां." एवढ्यावर त्यांचा संसार झाला, आणि चांगला झाला.

आमच्या लहानपणी एका उन्हाळ्यात आईच्या लोणच्याच्या बरणीला बुरशी आली. वर्षाचं लोणचं उकिरड्यावर गेलं. आई चुलीपुढे बसून रडली, आणि अक्कानं तेव्हापासून घरात कायदा केला, की लोणचं दोन बरण्यांत भरायचं आणि दोन्ही बरण्या वेगवेगळ्या फळीवर ठेवायच्या. मी गुळाचे खडे एकाच खिशात ठेवले तरी तिचा टोला पडायचा, "बठ्ठं एकाच बरनीमा ठेवशी, ते उपाशी मरशी, बाळ्या!" लग्न होऊन जळगावला गेली, तर कायदाही सोबत घेऊन गेली. भाऊजींनी आयुष्यात तिची जी काही थट्टा केली असेल ती या एकाच विषयावर. "एक बरणी संपत नाही, दुसरी कशाला भरतेस?"

संगणक घरात आला तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. दसऱ्याला त्याची पूजा झाली, कुंकवाचं स्वस्तिक निघालं, आणि जळगावचा उन्हाळा लागताच कुलरचं तोंड त्याच्याकडे वळलं. भाऊजींच्या वाट्याला वरचा पंखा. त्या संगणकात तिनं आमच्या आईची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी भरून घेतली होती. झोपाळ्यावर बसून म्हणायची ती, गौराईची. आई गेली. पुढे तो जुना संगणकही गेला, आणि त्याच्या पोटातून आईची एक ओळही परत निघाली नाही. अक्का दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाली, "बाळ्या, मूर्ख आहे मी. लोणच्याला दोन बरण्या केल्या आणि आईला एकच."

मग काय विचारता! लोक जिला बॅकअप म्हणतात तिला अक्का दुसरी बरणी म्हणायची, आणि दुसरीवर तिचं समाधान होईना म्हणून तिसरीही आली. पहिली बरणी संगणकात. दुसरी घरातच, तळहाताएवढ्या काळ्या डिस्कमध्ये. तिसरी, तशीच डिस्क, माहेरी माझ्या कपाटात. दर आखाजीला ती धुळ्याला यायची, पितरांची घागर भरून झाली, पुरणपोळी आणि आमरस झाला, की पिशवीतून नवी भरलेली डिस्क काढायची, कपाटातली जुनी उचलायची आणि तिच्या जागी नवी ठेवायची. लेकी माहेरी साडी न्यायला येतात, ही डिस्क ठेवायला यायची. मी विचारायचो, "काय अक्का, सासरवर भरवसा नाही?" ती म्हणायची, "सासरवर आहे रे. जळगावच्या विजेवर नाही."

या वर्षी आखाजीला ती आली नाही. अंथरुणातून उठवत नव्हतं. पुढच्या आखाजीला आता तिच्याच नावाची घागर भरायची आहे...

त्या दिवशी फोनवर भाऊजींनी जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. शेवटच्या महिन्यांत अक्का रोज दुपारी संगणकापुढे बसून हळू आवाजात काही बोलून ठेवायची. भाऊजींनी विचारलं तर म्हणाली, "तुमच्यासाठी आहे. आत्ता नाही. मी गेल्यावर, गर्दी ओसरली की एकटे बसून ऐका." गर्दी ओसरली. भाऊजी रोज सकाळी आंघोळ करून संगणक सुरू करायचे. पडद्यावर एक फोल्डर दिसायचं, त्याला नाव होतं 'यांच्यासाठी'. ते त्या नावाकडे पाहत बसायचे, धीर व्हायचा नाही, आणि उद्या ऐकू म्हणून बंद करायचे. त्या मंगळवारी वीज दोनदा आली नि गेली, आणि आतून किट्... किट्... असा आवाज यायला लागला. फोल्डर नाही, काही नाही. काळा पडदा.

"अहो भाऊजी, रडताय काय," मी म्हणालो. मला चक्क आनंद झाला होता, कारण गुपित मला माहीत होतं. "घरातली डिस्क आहे ना! स्वयंपाकघरात जा. तांदळाचा डबा उघडा. आत हात घाला."

कुलरच्या ओलाव्यानं पापड सादळतात, मग डिस्क का सादळणार नाही, असा अक्काचा हिशेब होता. म्हणून डिस्क तांदळात. आणि आमच्याकडे कळण्याच्या भाकरीपुढे भाताला विचारतो कोण? तांदळाचा भरलेला डबा महिनोन् महिने कुणी उघडत नाही. बँकेच्या लॉकरपेक्षा सुरक्षित जागा!

भाऊजींनी विचारलं, "कोणता डबा?"

"स्टीलचा. तिचं नाव घातलेला."

"बाळू... तो तर आपण दिला."

गंधमुक्तीच्या दिवशी मी बाहेर मांडवात पंगतीच्या मागे होतो. आत शिधा काढायचं चाललं होतं. बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, मालतीताईंच्या नावाचा भरलेला डबाच आहे की, तोच द्या, त्यांना पोचेल. सगळ्यांना पटलं. भाऊजींनी स्वतःच्या हातानं तो डबा उचलून विधी सांगणाऱ्या महाराजांच्या पुढे ठेवला आणि नमस्कार केला. खान्देशात भाताची किंमत नसल्यानं आम्ही अक्काचा आवाज दान करून बसलो होतो.

मी कपाटातली तिसरी बरणी खिशात घातली आणि मिळेल त्या एसटीनं जळगाव गाठलं. मुकुंद नावाचा संगणक दुरुस्त करणारा गृहस्थ टेबलाखाली डोकं घालून बसला होता. बाहेर आला, चष्मा पुसला आणि मोठ्या डॉक्टरासारखं म्हणाला, "आशा ठेवू नका. डिस्क गेली." भाऊजींनी ती मेलेली डिस्क मागून घेतली, कुलरपुढे धरली, मग कानाशी लावली. "आवाज येत होता ना," म्हणाले, "म्हणजे आत कुणीतरी आहे." मुकुंद माझ्याकडे पाहायला लागला, मी भिंतीकडे.

त्यानं नवी डिस्क बसवली आणि माझ्या खिशातली जोडून सगळं परत भरायला घेतलं. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. एकेक करून अक्काचं जग परत आलं. शाळेच्या सहलीचे फोटो आले, बायकांकडून नव्यानं गोळा केलेली गाणी आली, पडद्यावर तिनं लावलेलं केळीच्या बागेचं चित्रसुद्धा आलं. भाऊजींची मान पट्टीबरोबर डावीकडून उजवीकडे जात होती. पट्टी संपली. त्यांनी पडदा वर नेला, खाली नेला, पुन्हा वर नेला. "यांच्यासाठी कुठे आहे?"

ते नव्हतंच. ही गेल्या आखाजीची डिस्क. गेल्या आखाजीला अक्का धडधाकट होती, आणि मागे ठेवून जाण्यासारखं तिला काही सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही महाराजांच्या दारात. महाराज भला माणूस. म्हणाले, "शिधा पुष्कळ येतो हो, आम्ही दोघंच खाणारे. तो डबा मी बहिणीला दिला. ती पारोळ्याला असते." पारोळा! आदल्या दिवशी माझी एसटी तिच्या घरावरूनच आली असणार. मी कपाळावर हात मारून घेतला आणि पाहिलं, भाऊजी स्टँडच्या दिशेनं निघालेसुद्धा होते, चपला उलटसुलट घालून.

गाडीत खिडकीशी बसून ते एकदम बोलायला लागले. मी त्यांना सलग एवढी वाक्यं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "शेवटच्या आठवड्यात तिनं तांदळाचा डबा मागितला. मला वाटलं, पेज खावीशी वाटतेय. डबा तिच्याजवळ ठेवला आणि दुसरे तांदूळ घेऊन पेज करायला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. घेऊन आलो तर ती संगणकापुढच्या खुर्चीत बसलेली, धापा टाकत. कशाला उठलीस म्हणून मी ओरडलो तिच्यावर, बाळू. ती नुसती हसत होती. पेज करपली होती. तरी खाल्ली तिनं दोन घास." एरंडोल मागे पडल्यावर म्हणाले, "तेव्हा भरलं असेल ना रे तिनं? दुसऱ्या बरणीत?"

माझ्यासारख्या वाचाळ माणसाला तेव्हा फक्त एक शब्द सुचला. "हां," मी म्हणालो.

महाराजांची बहीण म्हणजे ठेंगणी, खणखणीत म्हातारी. सगळे तिला काकू म्हणत. मी प्रस्तावना बांधत होतो, तेवढ्यात आतल्या फळीवर मला डबा दिसला. 'सौ. मालती' अशी अक्षरं चमकत होती. मी झडप घालून तो उघडला. आत ज्वारीचं पीठ. भाऊजी दारातच बसले. खालीच, उंबऱ्यावर.

"काकू," ते म्हणाले, "तांदळात काळं काही निघालं का?"

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दियेल दान परत मांगतस का, भाऊ?"

भाऊजींनी हात जोडले. जन्मात कुणाकडे काही न मागितलेला तो माणूस परक्या उंबऱ्यावर हात जोडून बसला होता, आणि मला, ज्याला मयताच्या घरीही विनोद सुचतात, त्याला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. कसंबसं मी एवढंच सांगितलं, की त्या काळ्या डबीत माझ्या बहिणीचा आवाज आहे, आणि तो यांनी अजून ऐकलेला नाही.

काकू उठल्या. देव्हाऱ्याचं दार उघडलं. बाळकृष्णाच्या शेजारी, एका वाटीत, हळदकुंकू लावून, वर जास्वंदीचं फूल वाहून, आमची डिस्क बसलेली होती! "माले समजनं नही काय शे," काकू म्हणाल्या. "म्हंतलं, मरेल बाईनं काही ऱ्हायेल व्हई. फेकानी कशी?" त्यांनी फूल बाजूला काढलं, डिस्क पदराला पुसली आणि भाऊजींच्या जोडलेल्या हातांवर ठेवली. "दियेल परत मांगू नही. पन इसरेल लई जावाले कोन नही म्हनस?"

परतीच्या वाटेवर भाऊजींनी ती विसरलेली वस्तू दोन्ही हातांत धरली होती. तिकीट मी काढलं, पाणी मी पाजलं. घरी मुकुंदला बोलावून घेतलं. त्यानं डिस्क पाहिली, जोडायच्या भोकात साचलेलं कुंकू पाहिलं आणि हताशपणे मान हलवली. "तेलाचा थेंब आत गेला असेल तर देवाचंच नाव घ्या." मी म्हणालो, "देवाजवळूनच आणलीय." कुणी हसलं नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशनं तो हळूहळू कुंकू काढत होता आणि टेबलावर लाल पूड पडत होती. भाऊजी अक्काच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे. खुर्चीत कुणीच बसलं नव्हतं.

वायर जोडली. काही नाही. काढली, फुंकर मारली, पुन्हा जोडली. डिस्कचा बारीक दिवा एकदा लुकलुकला, विझला... आणि लागला. पडद्यावर नावं उतरायला लागली. आखाजी. शाळा. घर. सगळ्यांत खाली, यांच्यासाठी.

"आहे का आत काही, की नुसतं नाव आहे, ते बघू," असं म्हणून मुकुंदनं थेट पहिल्याच ओळीवर टिचकी मारली. आधी कुलरची घरघर आली. खोलीतला कुलर चालूच होता, त्यामुळे कोणती घरघर तेव्हाची आणि कोणती आत्ताची ते कळेना. मग एक खोकला. मग धाप लागलेला, पण अगदी रोजच्या सकाळचा आवाज,

"अहो... ऐकताय ना?"

भाऊजींचा हात खुर्चीवरून सुटला. मला वाटलं, कोसळतात आता. मी धरायला पुढे झालो, तर त्यांनी मला बाजूला लोटलं, मुकुंदचा हात माऊसवर घट्ट दाबून धरला आणि सगळी गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं ओरडले,

"बंद कर ते! पहिले दुसरी बरणी भर!"