कंसातला हशा

माझ्या मावशीला पगार मिळायचा तो ऐकण्याचा. सभागृहात सदस्य जे बोलतील ते शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचं, ही तिची नोकरी. अध्यक्षांच्या आसनाखाली, दोन्ही बाजूंच्या बाकांच्या बरोबर मध्ये एक लांबट टेबल असतं. तिथे ती तीस वर्षं बसली. पाळी दहा मिनिटांची. दहा मिनिटं होत आली की पुढची सहकारी शेजारच्या खुर्चीत येऊन लिहू लागायची. मधला एखादा शब्द सांडू नये म्हणून अर्धं मिनिट दोघी एकदम लिहायच्या, आणि मग पहिली उठून आतल्या खोलीत जाऊन आपलं टिपण टाइप करायची.

नियम थोडे होते, पण कडक. बोललेलं गाळायचं नाही. न बोललेलं घालायचं नाही. सभागृहात जे शब्दांवाचून घडतं ते कंसात लिहायचं: हशा, टाळ्या, गोंधळ. आणि काहीही झालं तरी चेहरा हलू द्यायचा नाही. एकदा एका सदस्याने तिच्याकडे बोट दाखवून, "या बाईंना विचारा, त्या रोज आपलं ऐकतात, त्यांना तरी काही पटतंय का!" असं म्हटलं होतं. सगळं सभागृह तिच्याकडे वळून बघत होतं. मावशीने खाली मान घालून तेही वाक्य लिहून घेतलं आणि पुढे कंसात हशा लिहिला.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, लिफ्ट दुरुस्त करायचे. नखांतलं ग्रीस कधी पुरतं गेलं नाही. ते दोघं राहायचे तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. "साऱ्या गावाला वर नेलं, आमच्या नशिबी जिनाच," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचे. मावशी रागावली की बोलायची बंद व्हायची. मग काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "सभागृह आज दिवसभरासाठी तहकूब, की नुसतं अर्ध्या तासासाठी?" बहुतेक वेळा अर्ध्या तासावर निभावायचं.

घरातले सगळे कागद काकांकडे असत. दिवसभर कागद काळे केल्यावर घरी आल्यावर विजेचं बिलसुद्धा डोळ्यांसमोर नको, असं मावशीचं म्हणणं. त्यामुळे विम्याचे कागदही काकांकडेच होते.

विमा त्यांनी स्वतःचा स्वतः काढला होता. आठ वर्षांपूर्वी तिच्या खात्यातल्या सगळ्या लेखनिक मंडळींना एका कंत्राटदाराच्या हवाली करण्यात आलं. खुर्ची तीच, पेन्सिल तीच, फक्त पगार दुसरीकडून येऊ लागला आणि औषधपाण्याची सोय गेली. म्हणून दोघांच्या नावाने एक विमा घेतला. दोन वर्षांनी मावशीच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग वर्षभर औषधं. बराचसा भार विम्याने उचलला, उरलेला शिलकीने. मावशी बरी झाली, पण शिलक संपली आणि हप्ता दर वर्षी उड्या मारत वर जाऊ लागला. कंपनीचं पत्र यायचं, वयोमान आणि पूर्वीचा आजार. हा विमा एकदा सुटला तर मावशीला दुसरी कुठलीही कंपनी दारात उभं करणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या वर्षी काका जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबू लागले. तिथे भिंतीवर सगळ्यांचे विजेचे मीटर होते. शेजारीण दार उघडून बाहेर आली की म्हणायचे, "काही नाही, मीटर बघतोय." डॉक्टर मात्र मीटरला भुलले नाहीत. हृदयाची तपासणी करा, बहुतेक ऑपरेशन लागेल, वेळ घालवू नका, असं त्यांनी मावशीसमोरच बजावलं.

"कंपनीची मंजुरी आली की लगेच करू," काका म्हणाले.

तीन महिने मावशी रोज सकाळी डबा भरताना विचारायची, "आली का मंजुरी?"

"येईल. वरच्या मजल्यावर अडकली असेल."

"मग दुरुस्त करा की जाऊन. एवढे मोठे मिस्त्री तुम्ही!"

"बोलावलं तर जाईन."

त्याच सुमारास सभागृहात विधेयक आलं. विम्याचा हप्ता वर्षाला ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवता येणार नाही, आणि आजारी माणसाला विमा नाकारता येणार नाही, असं त्यात होतं. चर्चा तीन दिवस चालली. एका बाजूचे म्हणायचे, हप्त्याला लगाम घाला. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, लगाम घातला तर कंपन्या दुकान बंद करतील, मग काय करणार? "तुम्ही सत्तेत होतात तेव्हा काय झोपा काढत होतात?" असं एकाने विचारलं. "तुमच्यासारख्या जांभया तरी देत नव्हतो," असं उत्तर आलं. मावशीने सगळं लिहून घेतलं. घरी येऊन काकांना सांगितलंही, आणि काका नको तितकं लक्ष देऊन ऐकत राहिले. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीच्या पाळीला त्यांच्याच भागातून निवडून आलेले सदस्य उठले.

"अध्यक्ष महोदय, आकडे ऐकून सभागृह कंटाळलं असेल. माझ्याकडे एका साध्या माणसाचं पत्र आलंय. नाव घेत नाही, पत्र तेवढं वाचतो. 'साहेब, मी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या.'"

मावशीची पेन्सिल चालतच होती. गावात लिफ्टवाले काय थोडे आहेत, असं तिच्या मनात आलं.

"'सगळ्यात वरच्या मजल्याच्या वर एक खटका असतो. लिफ्ट तिथवर गेली की आपोआप थांबते, नाहीतर छप्पर फोडून बाहेर जाईल. तुमच्या हप्त्याला तो खटका बसवायचा कुणीतरी विसरलंय. कायदा करायला वेळ लागणार असेल तर मी स्वतः येऊन बसवून देतो. मजुरी नको.'"

सभागृह खदखदून हसलं. मंत्र्यांनीसुद्धा बाक वाजवलं. मावशीने कंस केला, हशा लिहिला, कंस बंद केला. हा खटका तिला माहीत होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात काकांनी तिला तो काड्यापेटी आणि दोरा घेऊन समजावून सांगितला होता.

"'यंदा दोघांचा हप्ता भरणं जमेना. लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की घंटा वाजते आणि कुणीतरी एकाने उतरायचं असतं. बहुतेक वेळा दाराजवळचा उतरतो. मी उतरलो. बायको आत आहे. तिचं ऑपरेशन झालेलं आहे, तिला उतरून चालणार नाही. मी तिला हे सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.'"

सभागृह पुन्हा हसलं. पहिल्यापेक्षा जास्त.

हात थांबला नाही, असं मावशीने मला नंतर सांगितलं. तीस वर्षांची सवय, हात आपला आपण चालतो. पाळी संपली, शेजारच्या खुर्चीत सहकारी येऊन लिहू लागली. अर्धं मिनिट झालं, एक झालं, दोन झाली. मावशी उठेना. सहकारिणीने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, तरी उठेना. दोघी शेजारी शेजारी तेच शब्द लिहीत राहिल्या. अशी चूक तिच्या हातून तीस वर्षांत झाली नव्हती. शेवटी अध्यक्षांनी मान तिरकी करून खाली बघितलं, तेव्हा ती उठली.

आतल्या खोलीत तिने पत्र टाइप केलं. दुसऱ्या हशापाशी बोट थांबलं. गाळला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण तो झाला होता. तिने कंस केला आणि लिहिला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा काका बटाटे सोलत बसले होते. चप्पल न काढताच तिने विचारलं, "आली का मंजुरी?"

"येईल गं. आज काय, आल्या आल्याच?"

"कशी येईल? तुम्ही तर खाली उतरलात."

काकांनी सुरी खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"तुमच्या साहेबांनी. भर सभागृहात. माझ्या पाळीला."

"वाचलं? मोठ्याने?" काकांनी हात पुसले. "मला वाटलं फाइलला लागेल. त्या माणसाने आजवर कुणाच्या पत्राला पोच दिलेली नाही." मग विचारलं, "लोक हसले का?"

"हसले. दोनदा."

"खटक्याला हसले असतील."

"हो."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तुम्हीही सांगू नका, असं लिहिलंत ना, त्याला."

काकांनी अर्धवट सोललेला बटाटा हातात घेतला आणि परत ठेवला. "त्यात हसण्यासारखं काय होतं?"

मावशी मग फाडफाड बोलली. "तीस वर्षं परक्या माणसांची खोटी बोलणी लिहून घेतली, आणि घरातलं एक खोटं मला ओळखता आलं नाही! रोज सकाळी विचारत होते मी. रोज! माझं नाव काढायचंत."

"तुझं काढलं असतं तर परत कुणी घातलं नसतं."

"आणि तुमचं घालणार आहेत?"

काकांनी सालं गोळा करून ताटलीत टाकली. मग हळूच विचारलं, "तहकूब?"

"नाही," मावशी चप्पल काढत म्हणाली. "चालू आहे. बोला, काय बोलायचं ते."

दुसऱ्या दिवशी रजा घेऊन ती विमा कंपनीच्या कचेरीत गेली. खिडकीतली मुलगी चांगली होती. तिने पडदा मावशीकडे वळवून दाखवला. "काकू, नाव काढलं तेव्हा हा आजार नोंदलेला नव्हता. आता नोंदलाय. आता घेता येत नाही. कायदा झाला तर बघू." कायदा मात्र झाला नाही. विषय गंभीर आहे, घाई नको, असं म्हणून विधेयक समितीकडे गेलं, आणि त्या ठरावावर दोन्ही बाजूंनी बाकं वाजवली. सरकारी रुग्णालयाने काकांना पाच महिन्यांनंतरची तारीख दिली. काकांनी ती कॅलेंडरवर गोल करून ठेवली. मावशी रोज त्यांना जिना चढू नका म्हणून सांगायची, आणि ते रोज दूध आणायला उतरायचे. "उतरायला त्रास नाही गं. चढताना काय तो."

तारखेला एकोणीस दिवस उरले असताना काका सकाळी दूध घेऊन येत होते आणि दुसऱ्या मजल्यावर थांबले. शेजारीण केर काढायला बाहेर आली, तिने त्यांना भिंतीला टेकलेलं पाहिलं आणि आत गेली. नंतर ती बिचारी मावशीचे हात धरून पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. "मला वाटलं हो, नेहमीसारखे मीटर बघतायत."

पंधरा दिवसांनी मावशी कामावर गेली. घरात करणार काय? पुढच्या अधिवेशनात विधेयक समितीकडून परत आलं. हप्त्याच्या मर्यादेचं कलम आणखी एका अभ्यासगटाकडे ठेवून बाकीचं आलं होतं. एव्हाना काकांचा खटका प्रसिद्ध झाला होता. "खटका बसवा!" असं एका बाजूने ओरडत, "आम्हीच बसवू!" असं दुसऱ्या बाजूने. पत्राचा दुसरा भाग कुणाच्या लक्षात राहिला नव्हता.

उत्तराला मंत्री उठले तेव्हा पाळी मावशीची होती.

"अध्यक्ष महोदय, गेल्या वेळी इथे एका कारागिराचं पत्र वाचलं गेलं. ते मी विसरलेलो नाही. त्या कारागिराला मी या सभागृहातून सांगू इच्छितो, की सरकार त्याच्या पाठीशी आहे."

मावशीने लिहून घेतलं. वेळ झाल्यावर वेळेवर उठली. आत जाऊन टाइप केलं आणि कागद मुख्य प्रतिवेदकांच्या, म्हणजे लेखनिकांच्या प्रमुखांच्या, टेबलावर ठेवला. हे गृहस्थ तिच्याबरोबरच नोकरीला लागलेले. तिचे कागद ते तपासल्यासारखं करून पुढे सरकवत असत, कारण तपासण्यासारखं कधी काही नसे. त्या दिवशी ते एका ओळीपाशी थांबले. मंत्र्यांच्या वाक्यानंतर कंसात लिहिलं होतं, सदर कारागीर हयात नाहीत.

त्यांनी चष्मा काढला. "हे सभागृहात कोण बोललं?"

"कोणी नाही."

"मग?"

"खरं आहे."

"ते मला माहीत आहे, बाई," ते म्हणाले. काकांना पोचवायला ते स्मशानात आले होते. "पण झालं नाही ना ते तिथे."

"नाही झालं."

"काढावं लागेल."

"काढा."

त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि तशीच धरून बसले. बाहेर सभागृहात कुणाचं तरी भाषण चालू होतं, भिंतीतून नुसता आवाज येत होता. मावशी दोन मिनिटं उभी राहिली. पुढची पाळी जवळ आली होती.

"द्या इकडे," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातून पेन्सिल घेऊन त्या कंसावर तिने स्वतःच एक सरळ रेघ मारली.

सभागृहाच्या कामकाजाचा छापील खंड तीन महिन्यांनी आला. तिने मला ते पान दाखवलं. तिथे मंत्र्यांचं वाक्य आहे, सरकार त्याच्या पाठीशी आहे, आणि लगेच पुढे कंसात टाळ्या. त्या खऱ्याच वाजल्या होत्या. तिनेच लिहून घेतल्या होत्या.