फारूखमिस्त्रींची पांढरी खूण

मुकुंदवाडीचे फारूखमिस्त्री गाडीचा रोग ऐकून नाय, बसून ओळखतात. स्टिअरिंगवर हात थरथरला तर खोट पुढच्या चाकांत. सीट थरथरली तर मागं, नाहीतर चाकं फिरवणाऱ्या मधल्या शाफ्टात. बायको फहमिदा म्हणते, ह्यांची सगळी अक्कल बसल्या जागी.

देवगाव रंगारीच्या पुंजारामची जीप, चारही चाकांनी ओढणारी. चिखलातून बैलासारखी निघायची, पण महिनाभरापासून साठच्या पुढं गेली की जात्यासारखी घरघरायची. टायर बदलले, चाकं तोलून घेतली, फरक नाय. रविवारी लेक अमृताला बाळंतपणासाठी वैजापूरहून आणायची होती. सातवा महिना. असल्या गाडीत पोरीला बसवणार नाय, आणि आणली नाय तर तिची आई घरात घेणार नाय, असं पुंजाराम रडवेल्या तोंडानं सांगत होता.

मिस्त्री त्याला घेऊन जालना रोडला गेले. साठला गाडी न्यूट्रल केली. इंजिन निवलं, पण सीट थरथरतच राहिली. म्हणजे इंजिन बेकसूर. स्टिअरिंग तर शांतच. परत येऊन ते गाडीखाली शिरले.

शाफ्टाचे दोन दातेरी तुकडे एकमेकांत सरकतात. दोन्ही टोकांचे जोड एका रेषेत लागतात. इथं एक तुकडा दातभर फिरून बसला होता. शाफ्ट शेवटचा खोलला होता कुणी? त्यांनीच, महिन्यापूर्वी, ग्रीस भरायला. खोलायच्या आधी दोन्हीकडं पांढऱ्या रंगाची खूण करायची, हे अर्ध्या मुकुंदवाडीला त्यांनीच शिकवलेलं. त्या दिवशी डब्यातला रंग सुकलेला, म्हणून खडूनं केली. मग शाफ्ट डिझेलनं असा मायेनं धुतला की खूणही गेली.

जोड खराब झाला म्हटलं असतं तर पुंजारामला काय कळणार होतं? मिस्त्री बाहेर आले, उगाच हात पुसत राहिले.

"पुंजारामभाऊ, ही थरथर माझी हाय. मीच वाकडा जोडला."

पुंजारामनं नव्या टायरांकडं पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे टायर उगाच बदलले?"

"उगाच."

"तर मग चाचा, रविवारी गाडी तुम्हीच चालवायची. थरथरली तर अमृता काय बोलायचं ते तुम्हालाच बोलंल."

मिस्त्रींनी शाफ्ट नीट बसवला. रविवारी सत्तरवर गाडी गेली तरी सीट गप्प होती. वाटेतलं शिऊर यायच्या आत अमृताला झोप लागली. पुढं रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, तर चाचांनी हॉर्न काही दिला नाय. गाडी थांबवली, आणि शेवटची म्हैस जाईस्तोवर वाट पाहिली.